‘स्टॉक ७.४०० चालेल का?’ हायड्रॉलिक लिफ्टरचा प्रीलोड आणि पुशरॉडची लांबी

जुन्या कास्ट आयर्न बुलेटचं टॅपेट सेटिंग ज्यानं जवळून पाहिलंय, त्याला या लेखातली निम्मी गोष्ट आधीच ठाऊक आहे. गाडी थंडगार, पिस्टन वर आणलेला, टॅपेटचं झाकण काढलेलं. मिस्त्री पुशरॉडच्या (कॅमची हालचाल वर पोचवणाऱ्या दांडीच्या) खालचा नट जरासा फिरवतो आणि दोन बोटांत पुशरॉड धरून चाळवून बघतो. फिरायला मोकळा हवा, पण वरखाली हलता कामा नये. फिलर गेज नाही, डायल नाही, सगळा बोटांचा कारभार. पुशरॉड, रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा डोलता दांडा) आणि व्हॉल्व्ह एकमेकांना नुसते टेकलेत, मध्ये फटही नाही आणि दाबही नाही, अशी ही जागा. हिलाच झीरो लॅश म्हणतात.

उरलेली निम्मी गोष्ट अशी, की हायड्रॉलिक लिफ्टरवाल्या (कॅम आणि पुशरॉड यांच्यामध्ये तेलानं भरलेला तुकडा असलेल्या) इंजिनात काम इथे संपत नाही, इथून सुरू होतं. टेकल्यावर लिफ्टरच्या आतला प्लंजर आणखी थोडा खाली दाबून ठेवावा लागतो. किती दाबायचा, तो आकडा म्हणजे प्रीलोड. २००९ साली रॉयल एनफील्डची क्लासिक आली तेव्हा तिच्या यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात असलेल्या) इंजिनात हायड्रॉलिक लिफ्टर होते आणि टॅपेट सेटिंगची कटकट संपली म्हणून मालक खूश झाले. संपली, कारण तो हिशोब कारखान्यात आधीच झाला होता. अमेरिकन व्ही-८ मध्ये कॅम बदलला, हेड घासून घेतलं, गॅस्केट बदललं, की कारखान्याचा हिशोब रद्द. तो आपल्याला नव्यानं करावा लागतो.

आणि नेमक्या त्या वेळी प्रश्न येतो, ‘एलएस (जनरल मोटर्सचं व्ही-८) आहे, स्टॉक, म्हणजे कंपनीच्या मूळ मापाचा, ७.४०० इंची पुशरॉड चालेल का?’ याला माझ्याकडे एकच उत्तर आहे: मापलंत का?

उदाहरण माझ्याच इंजिनाचं देतो. इथे मिशिगनमध्ये भंगार यार्डातून पिकअपचं ५.३ लिटरचं एलएम७, एलएसच्याच कुटुंबातलं इंजिन, आणलं. ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचे. जास्त लिफ्टचा (व्हॉल्व्ह जास्त उघडणारा) कॅम, नवे डबल स्प्रिंग, नवे लिफ्टर, हेड ३० थाऊ घासलेले. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. पिंपरी-भोसरीच्या मशीन शॉपमध्ये काम केलेल्यांना हे सांगायला नको. हे सगळं काम इंचातच चालतं, म्हणून मीही मिलिमीटरच्या नादी लागत नाही.

लिफ्टरच्या पोटात

लिफ्टर म्हणजे एका नळकांड्यात दुसरं नळकांडं. बाहेरची बॉडी कॅमवर चालते. आतला प्लंजर पुशरॉडला पेलतो. प्लंजरच्या खाली तेलाची छोटी खोली, तिच्या तोंडाशी एकाच दिशेनं उघडणारी गोळी, आणि एक अगदी हलकी स्प्रिंग. व्हॉल्व्ह बंद असताना, म्हणजे लिफ्टर कॅमच्या गोल पाठीवर (बेस सर्कलवर) असताना तेल आत शिरतं. कॅमनं उचललं की गोळी तोंड बंद करते, तेल कोंडलं जातं आणि लिफ्टर जवळजवळ घन लोखंडासारखा वागतो. त्या वेळात थोडंसं तेल बाजूनं झिरपतं, पुढच्या फेरीत भरून निघतं. प्लंजर वर निसटू नये म्हणून बॉडीच्या तोंडाशी एक क्लिप असते.

प्रीलोड म्हणजे व्हॉल्व्ह बंद असताना प्लंजर त्या क्लिपपासून किती खाली बसलाय ते अंतर. अगदी कमी असेल तर इंजिन तापल्यावर प्लंजर क्लिपवर आपटतो, टकटक सुरू होते, आणि क्लिप निघाली तर तुकडे कुठे जातील सांगता येत नाही. फार जास्त असेल तर प्लंजरला खाली जायला जागा उरत नाही. तळाला टेकला तर व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही, कॉम्प्रेशन जातं आणि व्हॉल्व्ह जळतो.

लांबी नक्की काय ठरवते?

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून थोडं थांबू.

एलएसमध्ये रॉकर हेडवरच्या पक्क्या बैठकीवर बोल्टनं आवळलेला असतो. १९९७ च्या एलएस१ पासून हीच पद्धत. बोल्ट २२ फूट-पौंडाला आवळला की रॉकरची उंची ठरली. ती तुमच्या हातात नाही. त्यामुळे पुशरॉडची लांबी फक्त प्रीलोड ठरवते. रॉकरचं टोक व्हॉल्व्हच्या टोकावर कुठे घासतं याच्याशी तिचा संबंध नाही. ते बदलायचं तर बैठकीखाली शिम (पातळ चकत्या) घालावे लागतात.

१९५५ पासूनच्या जुन्या स्मॉल ब्लॉक शेव्हीत (शेव्हरोलेच्या व्ही-८ मध्ये) उलटं. तिथे रॉकर स्टडवर असतो आणि नटनं वरखाली होतो. प्रीलोड नट ठरवतो. पुशरॉडची लांबी रॉकर किती उंचीवर काम करणार हे ठरवते, म्हणजे भूमिती.

दोन इंजिनं, दोन वेगळे प्रश्न. एकाचा सल्ला दुसऱ्याला लावला की वाट लागते. ‘पॅटर्न (व्हॉल्व्हच्या टोकावर रॉकर घासल्याचा पट्टा) बघून एलएसच्या पुशरॉडची लांबी काढा’ असा सल्ला कुणी दिला तर मान डोलवा आणि आपलं काम करा.

आधी कागदावर

मापण्याआधी मी अंदाज लिहून ठेवतो. नंतरचं माप त्याच्याशी फारच विसंगत आलं तर काहीतरी चुकलं हे लगेच कळतं. इंजिन उघडण्यापूर्वी स्टॉक ७.४०० पुशरॉडवर माझा प्रीलोड साधारण ६० थाऊ होता, म्हणजे झीरो लॅशची लांबी ७.३४०.

हेड ३० थाऊ घासलं, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्ह दोन्ही कॅमच्या ३० थाऊ जवळ आले. गॅस्केट दाबल्यानंतर आधीच्यापेक्षा ११ थाऊ पातळ. एकूण ४१ थाऊ कमी. आता उलट बाजू: जास्त लिफ्टच्या कॅमचं बेस सर्कल बहुधा लहान असतं. माझ्या कॅमचं ५० थाऊनं लहान निघालं, पण हा व्यासातला फरक आहे. लिफ्टर खाली जातो तो त्रिज्येइतका, म्हणजे २५ थाऊ. ही निम्म्याची चूक मी पट्टीच्या लोकांना करताना पाहिलंय. तर ७.३४० मधून ४१ वजा, २५ अधिक: ७.३२४.

पुशरॉड किंचित तिरका असतो, म्हणून हे गणित थाऊ-दोन थाऊनं चुकतं. व्हॉल्व्ह सीट खोल कापली असेल तर व्हॉल्व्हचं टोक वर येतं, नव्या लिफ्टरच्या कपाची (पुशरॉड बसतो त्या खळग्याची) उंची वेगळी असू शकते. म्हणूनच हा नुसता अंदाज.

मापायला बसताना

लागतं ते एवढंच: लांबी कमीजास्त करता येणारा चेकर पुशरॉड, निदान ८ इंच उघडणारी व्हर्निअर, टॉर्क पाना, क्रँक फिरवायला लांब दांड्याचा पाना. स्पार्क प्लग काढून ठेवा, नाहीतर क्रँक फिरवताना कॉम्प्रेशनशी कुस्ती खेळत बसाल. हेड खऱ्या गॅस्केटवर, पूर्ण आवळलेलं हवं. जुनं दाबलेलं गॅस्केट त्याच जाडीचं असेल तर मापापुरतं चालतं.

लिफ्टर तेलानं भरलेला नको. यावर मी एकदा दोन दिवस घालवलेत. आधीच्या एका इंजिनात लिफ्टर रात्रभर तेलात बुडवून, पंप करकरून टणक केले, सोळाही रॉकर एका दमात आवळले आणि लगेच कॉम्प्रेशन बघितलं. दोन सिलिंडर जवळजवळ शून्य. व्हॉल्व्ह वाकले असं समजून हेड काढायची तयारी केली, आणि वैतागून जेवायला गेलो. परत येऊन सहज पुन्हा गेज लावलं तर सगळे सिलिंडर ठीक! कोंडलेल्या तेलानं व्हॉल्व्ह उघडे धरून ठेवले होते. तेल झिरपलं, व्हॉल्व्ह बसले. तेव्हापासून मापताना लिफ्टर जवळजवळ कोरडा ठेवतो, फक्त बाहेरून आणि रोलरला तेल.

पण कोरड्या लिफ्टरची आतली स्प्रिंग इतकी हलकी असते की बोटाच्या दाबानंही प्लंजर खाली जातो. बुलेटची सवय इथेच दगा देते. ‘फिरताना जड लागला की थांबा’ असं केलंत तर तोवर प्लंजर बराच खाली गेलेला असतो. म्हणून फिरवून बघू नका. पुशरॉड दोन बोटांत अलगद धरून फक्त वरखाली हलवा. खेळ जिथे संपला, तिथे झीरो लॅश.

झीरो लॅशची लांबी काढणं

पहिल्या सिलिंडरचा इनटेक घ्या. लिफ्टर बेस सर्कलवर आहे याची खात्री करण्याचा सोपा नियम: क्रँक फिरवत जा, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडायला लागला की त्या सिलिंडरचा इनटेक मापा. इनटेक पूर्ण उघडून बंद होत आला की एक्झॉस्ट मापा. कॅम कितीही मोठा असला तरी हा नियम चालतो.

चेकर अपेक्षेपेक्षा आखूड करून आत सोडा, माझ्या बाबतीत ७.२८०. लिफ्टरच्या कपात नीट बसला का बघा. कडेला अडकलेला चेकर छान खोटं बोलतो. रॉकर ठेवून बोल्ट पूर्ण २२ फूट-पौंडाला आवळा. आता चेकर सैल खुळखुळेल. तो लांब करत जा. हात पोचत नसेल तर रॉकर सोडून थोडा वाढवा, पुन्हा आवळा. कंटाळवाणं आहे, पण हाच मुख्य उद्योग. वरखाली खेळ संपला की चेकर न हलवता बाहेर काढा आणि मापा.

हे एका व्हॉल्व्हवर करून थांबू नका. निदान दोन्ही हेडच्या दोन्ही टोकांचे इनटेक आणि एक्झॉस्ट मापा. मी सोळाही मापले: सगळ्यात आखूड ७.३१८, सगळ्यात लांब ७.३३१. अंदाज ७.३२४ होता, त्यामुळे जीव भांड्यात पडला. एखादाच व्हॉल्व्ह २०-३० थाऊनं वेगळा आला तर पुशरॉडचा विचार सोडा. सीट खोल कापलीय, व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाहीये किंवा रॉकरची बैठक वाकडी आहे, ते शोधा.

आट्यांवरून पडताळणी

चेकर नसेल तर, किंवा असला तरी दुसरा साक्षीदार म्हणून, बोल्टचे फेरे मोजता येतात. एलएसच्या रॉकर बोल्टचे आटे १.२५ मिलिमीटरचे, म्हणजे एका फेऱ्यात बोल्ट ४९ थाऊ उतरतो. पण पुशरॉड ४९ थाऊ दाबला जात नाही. व्हॉल्व्हकडचं टोक जागेवर टेकलेलं असतं, रॉकर त्या टोकाभोवती झुकतो, म्हणून पुशरॉडकडची बाजू जास्त उतरते. रॉकरचं गुणोत्तर (व्हॉल्व्हकडची हालचाल पुशरॉडकडच्या किती पट) १.७ असेल तर २.७ भागिले १.७, म्हणजे सुमारे १.५९ पट. एका पूर्ण फेऱ्याला साधारण ७८ थाऊ.

मेख अशी: झीरो लॅशपासून रॉकर बैठकीवर टेकेपर्यंतचेच फेरे मोजायचे. त्यानंतर टॉर्क पाना ‘कट्’ वाजेपर्यंत बोल्ट आणखी फिरतो, पण तो नुसता आवळला जातो, पुशरॉड दाबला जात नाही. ‘दीड फेरा हवा’, ‘सव्वा हवा’ असे जे आकडे तोंडोतोंडी फिरतात, त्यात हा शेवटचा तुकडा धरलाय की नाही ते सांगणाऱ्यालाही बहुधा माहीत नसतं.

मग किती ठेवायचा?

पहिला मान लिफ्टर बनवणाऱ्याच्या कागदाला. वेगवेगळ्या लिफ्टरांचा आतला प्रवास वेगवेगळा असतो. कमी प्रवासाच्या रेसिंग लिफ्टरला स्टॉकचा प्रीलोड दिलात तर प्लंजर थेट तळाला. माझ्या लिफ्टरच्या कागदावर ४० ते ६० थाऊ होतं.

त्या कक्षेत कुठे बसायचं, यावर दोन पंथ आहेत. एक म्हणतो, प्रीलोड कमी ठेवा. जास्त आरपीएमला व्हॉल्व्ह कॅमची साथ सोडतो, मध्ये फट पडते, प्लंजर वर सरकून ती भरतो आणि मग व्हॉल्व्ह बंदच होत नाही. यालाच पंप-अप म्हणतात. प्लंजर क्लिपपर्यंतच वर येऊ शकतो, म्हणून प्रीलोड जितका कमी तितकं नुकसान कमी. दुसरा पंथ प्लंजर तळापासून थोडाच वर ठेवतो: खालचा तेलाचा थर पातळ झाला की तो कमी दबतो, फेसाळलेल्या तेलाचा त्रासही कमी. दोन्ही बरोबर आहेत, आणि दोन्ही ट्रॅकवरच्या, दर आठवड्याला व्हॉल्व्ह कव्हर उघडणाऱ्या लोकांसाठी आहेत. रस्त्यावरच्या गाडीला मी कागदावरच्या कक्षेचा मध्य धरतो. पंप-अप होत असेल तर दोष सहसा स्प्रिंगचा असतो. लिफ्टरला शिव्या देऊन काही होत नाही.

अॅल्युमिनियमचा ब्लॉक असेल तर आणखी एक गोष्ट. अॅल्युमिनियम तापून पोलादाच्या जवळजवळ दुप्पट वाढतं. साडेसात इंच उंचीवर, ८० अंश सेल्सिअस वाढीला, पुशरॉडच्या तुलनेत सहा-सात थाऊ. तितका प्रीलोड गरम इंजिनात कमी होतो. माझा ब्लॉक बिडाचा, फक्त हेड अॅल्युमिनियमचे, त्यामुळे फरक त्याहून बराच कमी. इंजिन थंड असताना मापलेल्या वीस थाऊच्या प्रीलोडवर अॅल्युमिनियमचं इंजिन चालवणाऱ्यानं हे गणित जरूर करावं.

ऑर्डर देताना

७.३१८ ते ७.३३१ वर ७.३७५ चा पुशरॉड बसवला तर प्रीलोड येतो ४४ ते ५७. ठरलं. ७.४०० बसवला असता तर ६९ ते ८२. इंजिन चालू झालं असतं, पण कागदावरच्या कक्षेबाहेर.

इथे एक सापळा आहे. पुशरॉडच्या गोल टोकाला तेलाचं भोक असतं, त्यामुळे गोळ्याचा शेंडा कापला गेलेला असतो. व्हर्निअर त्या कापलेल्या कडेवर टेकते. पाच-सोळांश इंचाच्या गोळ्यात १०० थाऊचं भोक धरलं तर एका टोकाला आठ, दोन टोकांना सोळा थाऊ कमी दिसतात. काही कंपन्या लांबी अखंड गोळा धरून सांगतात, काही भोकासकट मापून. म्हणून मी त्याच कंपनीचा माहीत लांबीचा एक पुशरॉड हाताशी ठेवतो, चेकर आणि तो एकाच व्हर्निअरनं मापतो आणि फक्त फरक धरतो. चेकरच्या टोकाला भोक आहे की नाही तेही बघा.

जाडीत कंजुषी नको. उघड्या व्हॉल्व्हवर स्प्रिंगचा जोर ३५० पौंड असेल तर पुशरॉडवर तो १.७ पटीनं, सहाशेच्या आसपास येतो. जाड भिंतीचा पुशरॉड जरा वजनदार असला तरी तो रॉकरच्या संथ बाजूला आहे. वजनापेक्षा ताठपणा महत्त्वाचा. अधिक व्यासाचा घेतलात तर हेडच्या भोकात घासत नाही ना, हे क्रँक पूर्ण फिरवून बघा.

स्टडवाले रॉकर असतील तर

आधी भूमिती, मग प्रीलोड. घन लिफ्टर आणि हलक्या स्प्रिंग लावा, व्हॉल्व्हच्या टोकाला मार्कर फासा, लॅश काढून क्रँक दोनदा फिरवा. रॉकर जिथे घासला तिथला पट्टा दिसेल. चेकर ५० थाऊनं लांब-आखूड करत पुन्हा पुन्हा पट्टा काढा. पट्टा सगळ्यात अरुंद येईल ती लांबी धरा. तो टोकाच्या कडेपासून लांब हवा, पण अगदी मधोमध आणण्याच्या हट्टापायी रुंद करू नका. रुंद पट्टा म्हणजे व्हॉल्व्ह गाइडवर आडवा रेटा.

लांबी ठरली की खरे लिफ्टर, खऱ्या स्प्रिंग, झीरो लॅश आणि तिथून अर्धा फेरा. दीड गुणोत्तराच्या रॉकरवर ३/८ इंची, इंचाला २४ आट्यांच्या स्टडला अर्धा फेरा म्हणजे ३५ थाऊ. ७/१६ इंची, २० आट्यांच्या स्टडला ४२. स्टड बदलला की ‘अर्ध्या फेऱ्या’चा अर्थही बदलतो.

बसवणं आणि पहिला स्टार्ट

एलएसमध्ये पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टोकाला आणा. एक्झॉस्ट १, २, ७, ८ आणि इनटेक १, ३, ४, ५ आवळा. क्रँक एक पूर्ण फेरा फिरवून एक्झॉस्ट ३, ४, ५, ६ आणि इनटेक २, ६, ७, ८. फार मोठा कॅम असेल तर मात्र प्रत्येक सिलिंडर स्वतंत्र घ्या. आवळून झाल्यावर अर्धा तास थांबा, मगच क्रँक हातानं दोन फेरे फिरवा. का ते वर सांगितलंच आहे. इंजिन सुरू करण्याआधी तेलाचा दाब येईपर्यंत प्लग आणि इंधन काढून स्टार्टर मारा, कारण रॉकरला तेल पुशरॉडच्या पोटातूनच मिळतं.

सुरुवातीला काही सेकंद खडखड होईल, ती दाब आल्यावर जायला हवी. थंड असताना शांत आणि गरम झाल्यावर टकटक असेल तर प्रीलोड कमी आहे का ते आधी बघा. आयडल डळमळीत, व्हॅक्यूम कमी, तापल्यावर एखादा सिलिंडर मेलेला, असं असेल तर प्रीलोड जास्त आहे का ते.

माझ्या ५.३ ला पहिल्याच दिवशी उजव्या बाजूला टकटक होती. थंड असताना जोरात, तापल्यावर कमी. व्हॉल्व्ह कव्हर काढलं, आठही पुशरॉड पुन्हा मापले, सगळे ४४ ते ५७ मध्येच. शेवटी रबरी नळीचं टोक कानाला लावून मागे गेलो: एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा सगळ्यात मागचा बोल्ट डोक्यापासून तुटलेला. या पिकअप इंजिनांचा हा जुनाच रोग. थंड असताना फट मोठी, तापलं की मॅनिफोल्ड फुगून ती बुजते. बोल्ट ड्रिलनं काढायला लागलेला वेळ पुशरॉड मापायला लागलेल्या वेळापेक्षा जास्त होता.